प्रेस्टनचा प्लंबर

इंग्लंड पाहून आलेला मराठी माणूस परत आल्यावर लंडनच्या टॉवरविषयी बोलतो, शेक्सपिअरच्या जन्मघराविषयी बोलतो आणि वाङ्‌मयाची आवड असली तर वर्डस्‌वर्थच्या सरोवरांविषयीही बोलतो. प्रेस्टनचे नाव त्याच्या तोंडी सहसा येत नाही. वास्तविक लंडनहून त्या सरोवरांकडे जाणारी आगगाडी प्रेस्टनवरूनच पुढे जाते. गाडी थांबते, काही मंडळी उतरतात, काही चढतात आणि वर्डस्‌वर्थचे भक्त खिडकीतून एकवार बाहेर पाहून पुन्हा पुस्तकात डोके घालतात. मी तेथे उतरलो तो एका प्लंबरसाठी. हे सांगितल्यावर घरच्या मंडळींनी प्रथम काळजीने आणि मग कीव आल्यासारखे पाहिले. नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला पाहायला साता समुद्रांपलीकडे कोण जातो?

पण हा प्लंबर साधा नव्हे. टॉम फिनी असे त्याचे नाव. इंग्लंडच्या वतीने तो ७६ सामने खेळला आणि त्याने ३० गोल केले. आपल्याकडे इंग्रजी फुटबॉलचे जुने नाव विचारले तर स्टॅन्ली मॅथ्यूजच्या पुढे कोणी जात नाही. पण त्या काळी इंग्लंडात मॅथ्यूज थोर की फिनी, हा वाद आपल्याकडच्या बालगंधर्व की केशवराव भोसले या वादाइतकाच रंगत असे आणि तितकाच अनिर्णित राहत असे. असा हा माणूस सगळी कारकीर्द एकाच गावच्या एकाच क्लबात खेळला. का खेळला, हा प्रश्न मनात घेऊन मी प्रेस्टनला गेलो होतो.

प्रथम गावाविषयी सांगितले पाहिजे, कारण या गावाशिवाय ही हकीकत समजायची नाही. प्रेस्टन हे लँकेशायरमधले रिबल नदीकाठचे गाव. २००२ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. पण चालत फिरणाऱ्याला ते अजून गावच वाटते. सूत काढण्याच्या यंत्रामुळे नावारूपाला आलेला रिचर्ड आर्कराइट १७३२ साली येथेच जन्मला आणि पुढे त्या यंत्रांनी गावाचे रूपच पालटून टाकले. जिकडेतिकडे गिरण्या, त्यांची धुराडी आणि त्यांच्या सावलीत विटांच्या बैठ्या घरांच्या एकसारख्या रांगा. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला येथे फारसे परके वाटू नये. गिरण्या आता बंद झाल्या आहेत; तेही मुंबईकराला परके वाटू नये.

या गावात दर वीस वर्षांनी एक मोठा उत्सव भरतो. त्याला प्रेस्टन गिल्ड म्हणतात. व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या जुन्या संघाचा तो वारसा. मिरवणुका निघतात, गाव शृंगारले जाते, दूरदेशी गेलेली मुले परत येतात. १९४२ साली महायुद्धामुळे तो भरला नाही आणि १९५२ साली भरला. त्यानंतर १९७२, १९९२ आणि २०१२ असा क्रम आहे. क्वचित घडणाऱ्या गोष्टीला लँकेशायरमधले लोक ‘प्रेस्टन गिल्डाइतकी दुर्मिळ’ म्हणतात. आपला कपिलाषष्ठीचा योगच म्हणा ना!

नदीकाठी दोन सुरेख बागा आहेत, मिलर पार्क आणि ॲव्हनहॅम पार्क. हिरवळ, कारंजे, दगडी कठडे, खाली संथ वाहणारी रिबल. येथे बसल्यावर मला आपल्या मुंबईची आठवण झाली, आणि ती केवळ प्रवासी माणसाला येते तशी उगाच नव्हे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली आणि लँकेशायरला येणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या, हजारो घरांच्या चुली विझल्या. त्या बेकार गिरणीकामगारांच्या हातांना काम म्हणून या बागा तयार करवून घेतल्या. नेमक्या त्याच वेळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून चढ्या भावाने विलायतेला जात होता आणि मुंबईत सोन्याचा धूर निघत होता. प्रेमचंद रायचंदांच्या सट्ट्याचा तोच काळ. १८६५ साली यादवी संपली आणि मुंबईचा फुगा फुटला. तिकडे फावडी घेऊन माती उकरणारा विणकर आणि इकडे शेअरांच्या मागे धावणारा मुंबईकर यांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती.

अशा गावात हातातल्या कसबाला मोल असते. काम केव्हा थांबेल याचा नेम नाही, हे येथे आजोबाने नातवाला सांगायचे असते. टॉम फिनीच्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची गोष्ट याच शहाणपणातून घडली.

तो ५ एप्रिल १९२२ रोजी जन्मला, आणि तोही डीपडेल या फुटबॉलच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. डीपडेल म्हणजे प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबचे घर. या क्लबाचा इतिहास गावातल्या पोरांना पाढ्यांसारखा पाठ असतो. १८८८-८९ साली इंग्लंडात फुटबॉलची पहिली लीग भरली. तीत बारा क्लब होते. प्रेस्टनने २२ सामन्यांपैकी १८ जिंकले, ४ बरोबरीत सोडवले आणि हरला एकही नाही. त्याच वर्षी एफ. ए. कपही जिंकला, आणि त्या स्पर्धेत स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. ‘अजिंक्य’ हे नाव त्या संघाला तेव्हापासून चिकटले. अशा क्लबाच्या मैदानाशेजारी वाढलेल्या मुलाने दुसरे कसले स्वप्न पाहावे?

टॉम लहान असतानाच त्याची आई वारली. मुलगा अंगाने किडकिडीत, उंचीने बेताचा. पण चेंडू पायात आला की गर्दीतून अलगद निसटणारा. पौगंडवयातच क्लबाने त्याला मैदानावरच्या नोकरीत घेण्याची तयारी दाखवली. आजच्या बापाने पेढे वाटले असते. टॉमच्या वडिलांनी मात्र नाही म्हटले. आधी हातात धंदा, मग खेळ. मुलगा प्लंबरच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि सवडीने क्लबासाठी खेळू लागला. आपल्याकडे ‘आधी मॅट्रिक हो, मग कर काय नाटके करायची ती’ असे सांगणारे वडील होतेच की. त्यातल्या किती मुलांची नाटके त्या एका वाक्यात विरून गेली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. टॉम फिनीची मात्र दोन्ही कामे झाली, हे त्याचे भाग्य.

त्यातच महायुद्ध आले. १९४१ साली युद्धकाळातल्या कपच्या अंतिम सामन्यात प्रेस्टनची गाठ आर्सेनलशी पडली. फिनीचे वय १९. वेम्ब्लीवर १-१ अशी बरोबरी झाली. आर्सेनलचा तो एक गोल केला डेनिस कॉम्प्टनने. क्रिकेटचा तोच कॉम्प्टन, ज्याने पुढे हिंदुस्थानात लष्करी नोकरीवर असताना १९४५ साली मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात नाबाद २४९ धावा काढल्या. मुंबई तो सामना जिंकली, तरी जुने दर्दी ती खेळी विसरले नाहीत. इकडे १९४१ चा तो अंतिम सामना पुन्हा खेळला गेला, तेव्हा प्रेस्टनने २-१ असा जिंकला. पुढच्या वर्षी फिनीला सैन्यात बोलावणे आले. तो इजिप्तमध्ये आणि मग इटलीत रणगाड्यांच्या दलात होता. खेळाडूच्या आयुष्यातली विशी ते चोविशी ही सोन्यासारखी वर्षे अशी वाळूत आणि चिखलात गेली.

लीगमधला त्याचा पहिला सामना त्यामुळे ऑगस्ट १९४६ मध्ये झाला, आणि महिनाभरातच तो इंग्लंडकडून बेलफास्टला खेळला. मूळचा तो डावखुऱ्या पायाचा, पण खेळे उजव्या बगलेवर. आणि गरज पडली तर डाव्या बगलेवर आणि मधोमधही. मॅथ्यूज उजवीकडेच खेळत असल्यामुळे निवड समितीला नेहमी पेच पडे. १९४७ साली लिस्बनला दोघांनाही घेतले, फिनीला डावीकडे, आणि इंग्लंडने पोर्तुगालला १०-० असे धुऊन काढले. दोघांनीही एकेक गोल केला. वाद तरीही मिटला नाही. कारण असे वाद मिटावेत अशी कोणाचीच इच्छा नसते. पुढे लिव्हरपूलचा नामांकित मॅनेजर झालेला बिल शँकली प्रेस्टनला फिनीबरोबर खेळला होता. फिनी कोणत्याही काळात आणि कोणत्याही संघात थोरच ठरला असता, अगदी अंगात ओव्हरकोट घालून उतरला असता तरीही, असे तो सांगे. शँकली थट्टेखोर होता खरा, पण हे तो थट्टेने सांगत नसे.

आणि एवढे असून या माणसाच्या कपाटात मोठी पदके जवळपास नाहीतच. १९४९ साली प्रेस्टन पहिल्या वर्गातून खाली घसरले. फिनी तेथेच राहिला. १९५१ साली दुसऱ्या वर्गाचे अजिंक्यपद मिळवून संघ वर आला. १९५२-५३ साली आर्सेनल आणि प्रेस्टन दोघांचेही गुण ५४ झाले. तेव्हा केलेल्या गोलांना झालेल्या गोलांनी भागून निकाल लावीत. आर्सेनलचे ९७ आणि ६४, प्रेस्टनचे ८५ आणि ६०. भागाकार करून पाहा: दशांश चिन्हापुढच्या आकड्यांनी प्रेस्टनचे अजिंक्यपद हुकले. १९५४ साली एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमविचकडून २-३ अशी हार झाली. १९५७-५८ साली पुन्हा लीगमध्ये दुसरा नंबर. पत्रकारांनी त्याला १९५४ आणि १९५७ असे दोनदा वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडले. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिलाच. पण लीगचे अजिंक्यपद किंवा एफ. ए. कप त्याच्या हाती कधी लागला नाही. मोठ्या शहरातल्या श्रीमंत क्लबात गेला असता तर? हा प्रश्न मनात येतो आणि येथेच खरी गोष्ट सुरू होते.

१९५२ च्या मे महिन्यात इंग्लंडचा संघ इटलीत खेळायला गेला होता. तेथे सिसिलीतल्या पालेर्मो क्लबाचा अध्यक्ष, जो खराखुरा प्रिन्स होता, त्याने फिनीला गाठले आणि थेट मागणी घातली. करारावर सही करताच १०,००० पौंड, दरमहा १३० पौंड, वर बक्षिसी, राहायला बंगला आणि दारात मोटार. त्या वेळी इंग्लंडात खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त १४ पौंड देता येत असत, आणि तेही हंगामात. उन्हाळ्यात त्याहून कमी. ही मर्यादा लीगचीच होती. फिनी असो की राखीव संघातला कोणी नवखा असो, कमाल आकडा सर्वांना एकच. म्हणजे नुसत्या सहीची रक्कम जवळजवळ चौदा वर्षांच्या पगाराएवढी होती!

फिनीला मोह झाला, आणि तो झाला होता हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितलेही. त्याने क्लबाच्या अध्यक्षांकडे गोष्ट काढली. उत्तर एका वाक्यात मिळाले: खेळायचे तर प्रेस्टनकडून, नाही तर कोणाकडूनही नाही. आणि हे नुसते दटावणे नव्हते, तसा नियमच होता. खेळाडूचा करार एका वर्षाचा. पण वर्ष संपल्यावरही क्लबाने त्याचे नाव आपल्या यादीत राखून ठेवले तर दुसऱ्या क्लबाला त्याला घेता येत नसे. नोकरी संपली तरी मालकी संपत नसे. आपल्या वाचकांतल्या कोणी राजीनामा दिला आणि जुन्या साहेबाने ‘तुम्ही दुसऱ्या कोठल्याही कचेरीत काम करायचे नाही’ असे फर्मावले, तर काय वाटेल? फिनी गप्पपणे परतला आणि पुन्हा उजव्या बगलेवर खेळू लागला. त्याच वर्षी सप्टेंबरात प्रेस्टनला गिल्डचा उत्सव भरला. कपिलाषष्ठीचा योग गावाला लाभला, त्याचा मात्र टळला.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांपाशी अडखळणे हा माझा धंदाच आहे. फिनीविषयी बोलताना ‘निष्ठा’ हा शब्द हमखास येतो. एका क्लबाशी, एका गावाशी निष्ठा. पण ज्या पक्ष्याच्या पिंजऱ्याचे दार लावलेले आहे, तो उडाला नाही म्हणून त्याच्या निष्ठेचे पोवाडे गावेत काय? उलट, दार बंद होते म्हणून त्याचे घरावर प्रेमच नव्हते, असे म्हणणेही खरे नाही. आपल्या घराघरांत अशी माणसे आहेत. थोरला मुलगा म्हणून गावी राहिलेला, आईच्या आजारपणामुळे बदली नाकारलेली. त्यांच्या राहण्यात नाइलाज किती आणि माया किती, हे त्यांना स्वतःलाही वेगळे करून सांगता येत नाही. निष्ठेची परीक्षा राहण्यात नसतेच. राहावे लागल्यावर माणूस कसा वागतो, यात असते. कोणी कुढतो, कोणी कामचुकारपणा करून सूड उगवतो. पालेर्मोची दारे बंद झाल्यावर फिनी आणखी आठ हंगाम खेळला, आणि वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचे दोन्ही मान त्याने त्या बंद दाराच्या आतच मिळवले.

त्याला हे का जमले, याचे एक उत्तर त्याच्या वडिलांच्या त्या नकारात आहे, असे मला वाटते. उमेदवारीत शिकलेला धंदा त्याने सोडला नाही. भाऊ जो याच्याबरोबर त्याने नळकामाचा स्वतंत्र व्यवसाय थाटला आणि तो इंग्लंडचा खेळाडू असतानाच चालवला. वर्तमानपत्रे त्याला ‘प्रेस्टनचा प्लंबर’ म्हणत ते कौतुकाने. क्लबाने पायांवर मालकी सांगितली, पण हातांतले कसब त्याचे त्याच्याकडेच राहिले. पगाराच्या पाकिटापलीकडे ज्याला आपला असा काही आधार असतो, त्याची मान सहसा वाकत नाही.

३० एप्रिल १९६० रोजी डीपडेलवर ल्यूटनविरुद्ध तो शेवटचा लीग सामना खेळला. जांघेच्या दुखापतीने पाय साथ देईनासा झाला होता. वय ३८. लीगमध्ये ४३३ सामने आणि १८७ गोल, सगळे एकाच क्लबासाठी. दैवाची थट्टा पाहा: नऊच महिन्यांनी, जानेवारी १९६१ मध्ये, खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी देऊन पगाराची मर्यादा मोडून काढली. तोपर्यंत ती वाढत वाढत २० पौंडांवर आली होती. फुलहॅमच्या जॉनी हेन्सला लगेच आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात खेळाडूला राखून ठेवण्याची ती जुनी पद्धतही न्यायालयाने अन्याय्य ठरवली. दारे उघडली, पण फिनी तोवर बाहेर पडला होता. आणि प्रेस्टन नॉर्थ एंड? तो गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६१ साली, संघ पहिल्या वर्गातून पुन्हा घसरला आणि त्यानंतर अजून तेथे परतलेला नाही.

निवृत्तीनंतरही त्याने गाव सोडले नाही. आता तर कोणी अडवणारे नव्हते. १९६३ साली बेलफास्टच्या डिस्टिलरी क्लबाच्या आग्रहावरून ४१ व्या वर्षी तो युरोपियन कपमध्ये एक सामना खेळला, समोर यूसेबिओचा बेन्फिका संघ, आणि ३-३ अशी बरोबरी झाली. एरवी आपला धंदा, गावची सार्वजनिक कामे आणि क्लबाचे अध्यक्षपद. १९९८ साली तो ‘सर’ झाला. पण गावकरी अधिक आदराने सांगतात ती गोष्ट निराळी आहे. १९४५ साली लग्न झालेली त्याची बायको एल्सी उतारवयात स्मृतिभ्रंशाने आजारी झाली. तिची शुश्रूषा त्याने वर्षानुवर्षे केली, २००४ साली ती जाईपर्यंत. येथे करार नव्हता, यादी नव्हती, कोणा अध्यक्षाचे फर्मान नव्हते. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, ९१ व्या वर्षी, फिनीही गेला.

डीपडेलला जायचे तर स्टेशनपासून फिशरगेट या हमरस्त्याने चालत निघावे. वाटेत बटर पाय नावाचा पदार्थ अवश्य खावा; पिठाच्या पारीत बटाटा, कांदा आणि लोणी. लँकेशायरच्या कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून तो निघाला. आपल्या उपवासाला बटाटा चालतो पण कांदा चालत नाही. त्यांचे शास्त्र या बाबतीत उदार आहे. पुढे मूर पार्कसमोर मैदान लागते. तेथल्या रस्त्याला आता फिनीचे नाव आहे. एका प्रेक्षागृहालाही त्याचे नाव असून, त्यातल्या खुर्च्यांचे रंग असे जुळवले आहेत की त्यांतून त्याचा चेहरा दिसतो. मैदान रिकामे असेल तेव्हाच तो स्पष्ट दिसतो. लोक येऊन बसले की झाकला जातो.

बाहेर त्याचा पुतळा आहे. १९५६ साली चेल्सीच्या मैदानावर तुडुंब पाणी साचले असताना फिनी चेंडूमागे घसरत गेला आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंख उसळले, त्या क्षणाचे एक छायाचित्र गाजले होते. पीटर हॉजकिन्सन या शिल्पकाराने त्यावरून हा पुतळा केला. तो २००४ साली बसवला. भोवती कारंजे आहे. जन्मभर लोकांच्या घरचे गळणारे पाणी ज्याने थांबवले, त्याला गावाने कायमचे पाण्यात बसवून ठेवले आहे!

तेथे बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. वडिलांच्या खांद्यावर बसून आपण लहानपणी फिनींना खेळताना पाहिले, असे ते अभिमानाने म्हणाले. मी धीर करून मनातला प्रश्न विचारला: इटलीला जाऊ दिले असते तर ते गेले असते का?

“गेले असते,” ते लगेच म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “आणि दोन वर्षांनी परत आले असते. दुकान इथेच होते ना त्यांचे.”

पाऊस भुरभुरू लागला होता. त्यांनी कोटाची कॉलर वर केली, पण बाकावरून उठले नाहीत.